जीएस की आफ्रिका ट्विन? आधी पाय टेकवून दाखवा!

आमच्या होस्टेलवर दोन पक्ष आहेत. नाही, निवडणुकीचे नव्हेत. त्या विषयावर बोलायला रेक्टर सरांनी कधीच बंदी घातली आहे. एक पक्ष बीएमडब्ल्यू जीएसवाल्यांचा, दुसरा होंडा आफ्रिका ट्विनवाल्यांचा. मेसमधली भाजी कशीही असो, रात्री जेवून वर आलं की वाद सुरू. एका रूमच्या दारावर जीएसचं पोस्टर, तर समोरच्या दारावर आफ्रिका ट्विनचं. आता अख्ख्या विंगची प्रत्यक्ष संपत्ती किती? एक स्प्लेंडर, दोन ॲक्टिव्हा आणि सायलेन्सर सडलेली एक पल्सर. या दोन मोठ्या गाड्यांपैकी एकही आमच्यापैकी कोणी चालवलेली नाही. पण त्यामुळे वादात काही कमी पडतं असं नाही!

मी आफ्रिका ट्विन पक्षाचा, अगदी कट्टर. 'होतो' म्हणायला हवं. पक्षांतर का केलं, ते सांगायलाच हा लेख.

झालं असं की, दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या चुलतभावाचा फोन आला. दादा चाकणला नोकरी करतो, राहतो पुण्यात. त्याच्याकडे 2020 ची रॉयल एनफील्ड हिमालयन आहे, ती 411 सीसीवाली. तिच्यावर लडाख झालं, स्पिती झालं, कोकण तर किती वेळा झालं त्याची गणतीच नाही. म्हणाला, "आता मोठी घ्यायचीय. आमच्या ग्रुपमधले दोघं गाडी विकतायत. एकाची आर 1250 जीएस, दुसऱ्याची आफ्रिका ट्विन 1100. तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, कुठली घेऊ?"

मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या डिग्रीवर विश्वास ठेवून लाखो रुपयांचा प्रश्न विचारला होता. आणि दादाचे ते पैसे काही वरचे नव्हते. आठ वर्षांची बचत, हिमालयन विकून येतील ते आणि उरलेलं कर्ज. व्हायवात चुकलं तर फार फार तर मार्क जातात. इथे चुकलं तर घरात काय काय जाईल याचा विचार करून पोटात गोळा आला.

आधी दोन्ही गाड्यांची थोडक्यात ओळख करून देतो. ज्या सरांची ॲक्टिव्हाशी एकनिष्ठा आहे त्यांच्यासाठी.

बीएमडब्ल्यूने 1980 साली 'आर 80 जी/एस' आणली. जी म्हणजे 'गेलेंडे', रानवाट. एस म्हणजे 'श्ट्रासे', रस्ता. दोन्हीकडे चालेल अशी मोठी गाडी, ही कल्पना तिथून रुजली. पुढे याच घराण्याच्या गाड्यांनी पॅरिस-डकार रॅली 1981, 1983, 1984 आणि 1985 साली जिंकली. मग होंडा उतरली. तिच्या एनएक्सआर 750 ने 1986 ते 1989 अशी सलग चार वर्षं तीच रॅली मारली. त्या यशावर 1988 मध्ये रस्त्यावरच्या गिऱ्हाइकासाठी आली ती पहिली आफ्रिका ट्विन, 650 सीसीची. म्हणजे आमच्या होस्टेलचं भांडण तसं जुनं आहे. सहाराच्या वाळूत सुरू झालेलं. फक्त एक गोष्ट आम्ही सगळे विसरतो. डकारला जाणाऱ्या त्या वीरांच्या मागच्या सीटवर वहिनी बसलेली नव्हती!

वहिनीकडे येतोच. आधी आकडे.

दादाची हिमालयन म्हणजे साधारण 24 हॉर्सपॉवर, पेट्रोलसकट 199 किलो, सीटची उंची 800 मिलिमीटर. आर 1250 जीएस म्हणजे 1254 सीसी, 136 हॉर्सपॉवर, 249 किलो. आफ्रिका ट्विन (दादाला मिळणारी 'ॲडव्हेंचर स्पोर्ट्स') म्हणजे 1084 सीसी, 100 च्या आसपास हॉर्सपॉवर, 240 किलोच्या आसपास वजन, आणि 24 लिटरहून मोठी टाकी. दोघींची सीट 850 मिलिमीटरवर, वर केली तर 870. आपल्याकडे नवीन आल्या तेव्हा आफ्रिका ट्विन 15 लाखांच्या वर होती (2020), जीएस 20 लाखांच्या वर (2021), तीही एक्स-शोरूम. सेकंडहँडमध्ये दोघी उतरतात, पण जीएस वरच्या पायरीवरच राहते.

माझा पहिला उलटा प्रश्न: दादा, मुळात मोठी कशाला?

तो म्हणाला, "वर गेलं की दम लागतो गाडीला." हे खरं आहे आणि त्याचं गणितही सोपं आहे. खारदुंग ला सुमारे 5,360 मीटरवर. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या 58 टक्क्यांच्या आसपास. टर्बो नसलेल्या इंजिनला तेवढ्याच प्रमाणात कमी हवा मिळते. म्हणजे 24 ची हिमालयन वर पोचेपर्यंत 14 वर येते. त्यावर दोन माणसं आणि सामान. दम लागणारच. आफ्रिका ट्विन तिथे 58 उरते, जीएस 79. फरक मोठाच आहे.

पण लडाख वर्षातून एकदा, तेही जमलं तर. बाकीच्या वर्षाचं काय? आपल्याकडे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावरही बंदी. चौपदरी हायवेवर दुचाकीला केंद्राने 2018 साली ठरवलेली कमाल मर्यादा ताशी 80 किलोमीटर. म्हणजे 136 हॉर्सपॉवर घेऊन कायद्याने जायचंय 80 ने, आणि 80 तर हिमालयन आरामात जाते. हे सांगितल्यावर दादा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "घाटात ट्रक ओव्हरटेक करताना मागे ती असते रे. तेव्हा जोर लागतो." हे कारण मला पटलं. डोंगराच्या फोटोपेक्षा जास्त पटलं.

मग सुट्टीत पुण्याला गेलो. दोन्ही गाड्या पाहिल्या. आता थोडं मेकॅनिकल. बाकीच्या ब्रांचनी झोपू नये, सोपं आहे.

जीएसचं इंजिन 'बॉक्सर'. दोन सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे बाहेर आलेले, जणू कमरेवर हात ठेवून उभी असलेली मावशी. क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने. याचे दोन फायदे. एक, इंजिनचं वजन खाली राहतं, सी.जी. खाली येतो. दोन, शक्ती मागे न्यायला सरळ दांडा टाकता येतो. शेवटी मागच्या चाकाजवळ बेव्हल गिअरने एकदाच काटकोनात वळवायचं, की झालं. हा शाफ्ट ड्राइव्ह. चेन नाही, म्हणजे वंगण नाही, ताण बघणं नाही, पावसात ग्रीसने काळे झालेले हात नाहीत.

आफ्रिका ट्विनमध्ये दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे, क्रँक आडवा, त्यामुळे चेन हीच सरळ वाट. क्रँकच्या दोन पिनांमध्ये 270 अंशांचा फरक, म्हणून स्फोट समान अंतराने होत नाहीत, आणि आवाज व्ही-ट्विनसारखा 'धडड' येतो. आपल्या इंटरसेप्टर 650 चा आवाज ऐकलाय ना? तीच युक्ती. चेनला राबावं लागतं, पण चेन तुटली तर गावातला मेकॅनिकही मदत करू शकतो. शाफ्टच्या आतला गिअर गेला तर गाडी ट्रकवर चढवायची आणि मोठ्या शहराची वाट धरायची. म्हणून सेकंडहँड जीएस घेताना मागचं चाक हाताने हलवून खेळ किती आहे ते बघा, ऑइल सीलपाशी ओल आहे का ते बघा. हे दादाला मी सांगितलं आणि विकणाऱ्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. फी वसूल!

पुढचं सस्पेन्शनही वेगळं. होंडाला नेहमीचे फोर्क. जीएसला 'टेलिलिव्हर', म्हणजे फोर्कच्या खालून चॅसीला जोडलेला एक आडवा हात. ब्रेकचा बराचसा जोर त्या हातातून चॅसीत जातो, त्यामुळे करकचून ब्रेक लावला तरी नाक फारसं खाली जात नाही. मागे बसलेला माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळणं कमी होतं. उलट मातीत चालवणारे म्हणतात की, पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते यात हाताला कमी कळतं. दोन्ही खरं.

आणि आता आमच्या पक्षाचा हुकमी एक्का: चाक. आफ्रिका ट्विनचं पुढचं चाक 21 इंची, जीएसचं 19 इंची. "दगडावरून 21 च जाणार!" हे वाक्य मी होस्टेलवर शंभर वेळा तरी बोललो असेन. त्या रात्री एकदाचं गणित मांडलं. टायर धरून त्रिज्या काढली: 21 इंचीची साधारण 348 मिलिमीटर, 19 इंचीची 325. समोर 10 सेंटिमीटरचा दगड. संपर्कबिंदूचा कोन काढला तर एकीचा 44.5 अंश, दुसरीचा 46. फरक दोन अंशसुद्धा नाही! मी तीनदा तपासलं. ॲप्लाइड मेकॅनिक्सचे सर, चुकलं असेल तर मार्क कापा. मातीत 21 इंची चाक चांगलं चालतं हे खरंच आहे, पण त्यात टायर अरुंद असण्याचा वाटा मोठा (90 मिलिमीटर विरुद्ध 120), आणि मागच्या-पुढच्या सस्पेन्शनच्या लांब प्रवासाचा. नुसत्या व्यासाची जी आरती आम्ही ओवाळत होतो, ती जरा जास्तच मोठ्याने होती.

इथपर्यंत स्कोअर बरोबरीचा होता. निकाल लागला तो वहिनीमुळे.

मला वाटत होतं, वहिनी हल्ली कामामुळे ट्रिपला जात नाही. जेवताना सहज विचारलं, तेव्हा खरं कारण कळलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये दोघं ताम्हिणीत गेली होती. चहाच्या टपरीसमोर दादाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वेग शून्य. कडेला उतार, वर शेवाळ आलेली खडी. दादाने डावा पाय टाकला, तो जिथे टेकायला हवा होता तिथे जमीन चार बोटं खाली होती. बस्स. गाडी हळूच, अगदी हळूच कलली आणि वहिनीच्या घोट्यावर आली. दादाने उचलायचा प्रयत्न केला, सामानासकट हलेना. टपरीवरच्या दोघांनी धावत येऊन उचलली तेव्हा पाय निघाला. सहा आठवडे प्लास्टर.

"तेव्हापासून बसलेच नाहीये मी," वहिनी म्हणाली. "हा म्हणतो मोठी गाडी घेतली की तू आरामात बसशील. मला विचारलं का कुणी, की मी पडले कशामुळे?"

दादा ताटातल्या भाताकडे बघत होता.

मित्रांनो, मी सहा पानं भरून तुलना केली होती. टॉर्क, कॉम्प्रेशन रेशो, सस्पेन्शन ट्रॅव्हल. त्यात 'गाडी उभी असताना पाय टेकतो का' ही ओळच नव्हती. दादाची उंची पाच फूट सहा इंच. 800 मिलिमीटरच्या सीटवर ज्याचा पाय उतारावर कमी पडला, तो 850 च्या सीटवर बसायला निघाला होता, आणि तेही 40-50 किलो जास्त वजन घेऊन!

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रयोग केला. आधी हिमालयन जुन्या गादीवर आडवी घातली आणि दादाला म्हटलं, उचल. पाठ गाडीला लावून, पायांच्या जोरावर, बरोबर पद्धतीने. ढोबळ हिशेब असा की, पूर्ण आडवी गाडी हँडलला धरून उचलायला सुरुवातीला जवळपास निम्म्या वजनाचा जोर लागतो. पहिल्यांदा उचलली. दुसऱ्यांदा उचलली, पण भिंतीला टेकून उभा राहिला. तिसऱ्यांदा "राहू दे" म्हणाला. मी म्हटलं, "आता यात जीएसचे 50 किलो मिळव, स्पितीची विरळ हवा मिळव, आणि टपरी वजा कर."

मग संध्याकाळी दोन्ही गाड्यांवर त्याला बेसमेंटच्या उतारावर बसवलं, बूट घालून. दोन्हींवर पायाचे फक्त चवडे टेकत होते. पण फरक होता. आफ्रिका ट्विनची टाकी भरलेली होती, म्हणजे 18 किलोच्या आसपास पेट्रोल एकदम वर. थोडी कलली की ती पुढे कलतच जाते असं वाटायचं. जीएस वजनाने जास्त, पण वजन खाली असल्यामुळे ती लगेच हात सोडून पळत नव्हती. शिवाय बॉक्सरचे ते बाहेर आलेले सिलिंडर. गाडी आडवी झालीच तर ती सिलिंडरच्या गार्डवर टेकते, पूर्ण झोपत नाही. उचलण्याचा सगळ्यात अवघड पहिला टप्पा वाचतो आणि खाली पायाला जागाही उरते. आफ्रिका ट्विनला क्रॅश गार्ड लावून यातलं बरंचसं साधता येतं, हे कबूल. पण जीएसमध्ये ते रचनेतच आहे.

शेवटी वहिनी दोन्ही गाड्यांवर मागे बसून पाहायला तयार झाली. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, एवढ्याच अटीवर. उतरल्यावर तिचा रिपोर्ट एका वाक्याचा: "होंडावर चढल्यासारखं वाटलं, या दुसरीवर बसल्यासारखं वाटलं." माझ्या सहा पानांपेक्षा हे वाक्य जास्त कामाचं निघालं.

तर माझं मत. दादासाठी जीएस. पण तीन अटींवर. एक, पहिल्याच दिवशी कमी उंचीची सीट बसवायची, आणि पुढचा मित्र "पोरींची सीट" म्हणून हसला तर हसू द्यायचं. दोन, सामान निम्मं करायचं. ॲल्युमिनियमच्या पेट्या आहेत म्हणून त्या भरल्याच पाहिजेत असा काही नियम नाही. तीन, वहिनीला मागे बसवण्याआधी निदान महिनाभर एकट्याने फक्त हळू चालवायचं. यू-टर्न, उतारावर थांबणं, खडीवर थांबणं, कुठे थांबायचं ते आधी पाहून थांबणं. ताशी 100 ला कोणीही हिरो असतो. खरी परीक्षा शून्यावर असते. या तीनपैकी एकही अट जमत नसेल तर हिमालयन विकू नये.

आणि माझा जुना पक्ष? आफ्रिका ट्विन वाईट ठरली असं अजिबात नाही. उंची चांगली आहे, बहुतेक वेळा एकटाच जातो, डांबर संपल्यावर ज्याचा दिवस सुरू होतो आणि स्वतः स्पॅनर हातात घ्यायला आवडतं, अशा माणसाला मी आजही तीच सांगेन. खर्चही कमी. ज्याला एकट्यानेच लडाखला जायचंय आणि दम लागण्याचाच त्रास आहे, त्याने तर या दोघींकडे न बघता 2023 च्या शेवटी आलेल्या हिमालयन 450 कडे बघावं. 40 हॉर्सपॉवर, आणि वजन 196 किलो, म्हणजे जुनीपेक्षा वाढलेलं नाही. 'मोठी' गाडी म्हणजे जास्त सीसी, असं कुठल्या सिलॅबसमध्ये लिहिलंय?

माझा मुद्दा एवढाच. आपण गाडी निवडतो ती तिच्या सगळ्यात चांगल्या दिवसाकडे बघून. पँगाँगचा निळा तलाव, स्वच्छ ऊन, शेजारी उभी गाडी, फोटो. पण लाखो रुपये मोजून जी गाडी घ्यायची, ती तिच्या सगळ्यात वाईट दिवसाकडे बघून घ्यावी. पाऊस पडतोय, अंधार होतोय, गाडी आडवी झालीय, बरोबर कोण आहे? ते उचलू शकतं का? की ते गाडीखाली आहे? या प्रश्नाला ज्या गाडीचं उत्तर बरं, ती आपली. हॉर्सपॉवर नंतर बघू. बीमची क्षमता काढताना आपण सगळ्यात वाईट लोड धरतो ना? मग गाडी घेतानाच फक्त सरासरी का धरायची?

होस्टेलवर परत आल्यावर मी हे सगळं सांगितलं. आफ्रिका ट्विन पक्षाने मला गद्दार ठरवलं, जीएस पक्षाने चहा पाजला, आणि दहा मिनिटांत दोन्ही पक्ष सीटच्या उंचीवरून भांडायला लागले. प्रगती आहे म्हणायची.

दादाने जीएसचं टोकन दिलंय. सीटची ऑर्डरही दिलीय. परवा फोनवर उत्साहात सांगत होता की, ऑफिसमागच्या रिकाम्या प्लॉटवर रोज सकाळी मित्राच्या गाडीवर यू-टर्न मारतोय. मागून वहिनीचा आवाज आला, "ते ठीक आहे. आधी ताम्हिणीत त्या टपरीसमोर एकट्याने थांबून दाखव म्हणावं. मग बघू."

— एक पक्षबदलू, तृतीय वर्ष, मेकॅनिकल